नाव हरवलेला नकाशा

१/ लंडनच्या भुयारी रेल्वेवरील कॉव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर या स्थानकांमधील अंतर अवघे २६० मीटर आहे. नकाशावर मात्र ते उपनगरांतील दोन-दोन किलोमीटरच्या अंतरांच्या बरोबरीने दिसते. ही चूक नव्हे. १९३१ साली एका आरेखकाने विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय होता.

२/ त्याआधीचे नकाशे भूगोलाशी प्रामाणिक होते आणि अडचण तिथेच होती. मध्य लंडनमध्ये स्थानकांची दाटी, तर उपनगरांत मार्ग दूरवर पसरलेले. सारे एकाच प्रमाणात काढले की मधली नावे एकमेकांना खेटत आणि टोकाची स्थानके कागदाबाहेर राहत.

३/ हॅरी बेक तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. भुयारी रेल्वेच्या सिग्नल कार्यालयात त्यांनी हंगामी आरेखक म्हणून काम केले होते. कोणी सांगितले नसताना त्यांनी नवा नकाशा रेखाटला. त्यातील रेषा केवळ आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरक्या होत्या. मधला भाग मोठा केलेला, कडेची अंतरे आखडलेली. जमिनीवरची खूण एकच उरली : थेम्स नदी.

४/ भुयारातील प्रवाशाला डोक्यावरचा रस्ता दिसत नाही. कोणती गाडी धरायची आणि ती कुठे बदलायची, एवढेच त्याला हवे असते. एकेका मार्गाच्या सरळ आकृत्या जॉर्ज डाउ यांनी १९२९ पासून दुसऱ्या एका रेल्वेसाठी काढल्या होत्या. साऱ्या गुंतागुंतीच्या जाळ्याला ही शिस्त लावली ती बेक यांनी.

५/ प्रसिद्धी विभागाला हा बदल फार धाडसी वाटला. नकाशा परत आला. बेक यांनी तो पुन्हा सादर केला. जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावेल अशी आवृत्ती निघाली. तिच्या मुखपृष्ठावर प्रवाशांकडून अभिप्राय मागवले होते. लोकांनी नकाशा असा उचलून धरला की तो लगोलग पुन्हा छापावा लागला.

६/ पुढे पाव शतकाहून अधिक काळ बेक त्यात सुधारणा करत राहिले. प्रत्येक नव्या मार्गासाठी जुन्या रेषा हलवाव्या लागत. कोपऱ्यात त्यांचे नाव असे. १९६० साली नवा नकाशा लागला, तेव्हा त्यावर प्रसिद्धी अधिकारी हॅरल्ड हचिसन यांचे नाव होते.

७/ बेक यांनी पत्रांमागून पत्रे लिहून आपला हक्क मागितला. तो मिळाला नाही. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

८/ २००९ मध्ये नकाशावरून थेम्सच वगळण्यात आली. लंडनकरांनी एवढा गदारोळ केला की वर्ष संपण्याआधी नदी परतली. आज त्याच नकाशावर, मूळ रचना १९३१ साली हॅरी बेक यांनी कल्पिलेली होती, अशी एक बारीक ओळ छापलेली असते. ती वाचायला बेक हयात नव्हते.