वडिलोपार्जित तांबे

पालघर-बोईसरकडे कोणास कावीळ झाली की ती 'उतरविणारा' कोणीतरी शेजारीपाजारी सुचवितातच. गळ्यात माळ पडते, ती दिवसेंदिवस लांबत जाते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते अशी समजूत आहे. पुष्कळशा काविळी आपोआप बऱ्या होत असल्यामुळे माळेची पत टिकून राहते. आमच्या एका विद्यार्थिनीची कावीळ मात्र त्या जातीची नव्हती. तीन दिवस माळेत गेले. चौथ्या दिवशी तिला वडिलांचे नाव आठवेना, तेव्हा तिला मुंबईस हलविले.

रोग निघाला विल्सनचा. लंडनच्या डॉ. किन्निअर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. अन्नातले जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. ज्याच्या यकृतास जन्मतःच हे साधत नाही, त्याच्या अंगात ते वर्षानुवर्षे साचत राहते. (तांब्याच्या घड्यातील पाण्याने हा रोग जडत नाही, हे मुलीच्या आजीबाईंस आम्हांस दोनदा सांगावे लागले.) तांबे काढून टाकणारे पेनिसिलामाइन हे औषध १९५६ सालापासून ठाऊक आहे, परंतु यकृत एकाएकी कोसळून रक्तपेशी फुटू लागल्या म्हणजे औषधास सवड उरत नाही. मग यकृत बदलणे एवढाच उपाय राहतो.

अशा घटकेसही घरात वाद निघाला तो, दोष कोणाच्या घराण्यातून आला याचा! वस्तुतः तो आई व बाप दोघांकडूनही आल्यावाचून हा रोग होत नाही; आणि दोघेही स्वतः धडधाकट असतात. कारण एकेरी दोष असलेले यकृत आपले काम नीट करते. म्हणूनच अशा मातेचे यकृतही मुलीस चालते. १९९४ च्या कायद्याने जवळच्या आप्तांस असे दान करता येते. आईने आपल्या यकृताचा भाग दिला. उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून जवळजवळ पूर्ववत होतो. मुलीचे नवे यकृत आता तांबे बाहेर टाकते; परके यकृत शरीराने नाकारू नये म्हणून औषध मात्र तिला जन्मभर घ्यावे लागेल.

तिला एक धाकटा भाऊ आहे. त्यालाही हा रोग असण्याचा संभव चारांत एक. वेळीच कळले तर गोळ्यांवर भागते, यकृतावर पाळी सहसा येत नाही. परंतु "घराण्याचे नाव होईल, पुढे सोयरीक कोण करील?" म्हणून तपासणी लांबली. आम्ही दोन वेळा बोईसरला जाऊन आलो, चहा घेऊन परतलो. अखेर गेल्या सोमवारी वडिलांनी मुलास घेऊन पहाटेची लोकल गाठली.