नांदत्या घराचं गवत

घराची अवकळा सांगायची तर आपल्याकडे 'दारात गवत माजलंय' एवढं म्हटलं की पुरतं. कोकणात कुलूप लावलेल्या घराला त्यासाठी दोन पावसाळेही लागत नाहीत. पहिल्या पावसात खळ्याला शेवाळ धरतं, श्रावणात पायरी दिसेनाशी होते आणि नवरात्रात कुणी आलंच, तर विळा हातात घेतल्याशिवाय दारापर्यंत पोचता येत नाही. ओमानमध्ये इब्रा गावी राहायला आल्यापासून मात्र ही खूण मला उलटी वाचावी लागते.

इब्राच्या जुन्या भागात अल मन्झफा आणि अल कनातिर हे मोहल्ले आहेत. पूर्व आफ्रिकेशी व्यापार करून गबर झालेल्या सौदागरांनी तिथे मातीचे दोनमजली वाडे बांधले. कमानी, दगडी पाया, जाड भिंती, आणि आज त्यांतले बरेच ओस. अशा एखाद्या पडक्या चौकात उभं राहिलं की सगळ्यात आधी जाणवतं ते गवताचं नसणं. छत कोसळलंय, भिंत पावसानं विरघळलीय, पण जमीन कोरडी ठक्क. एखादं काटेरी झुडूप असलं तर असलं. तिथून गाडीनं नव्या वस्तीत यावं, तर कपडे वाळताहेत, सायकली आडव्या पडल्यात अशा प्रत्येक अंगणात इंटरलॉकच्या ठोकळ्यांच्या फटींतून हिरवं वर आलेलं. ओमानात वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रत्नागिरीकडे तो तीन हजारांच्या वर. इथलं गवत ढगाच्या भरवशावर उगवत नाही. माणूस नांदतो तिथे पाणी येतं, आणि पाण्यामागून तण येतं.

म्हणून खुरपं घेऊन बसण्याआधी तण कुठे आहे ते मी नीट बघते. एसीच्या नळीखाली लव्हाळ्याचा झुबका आहे, म्हणजे तिथे थेंब थेंब पाणी मुरतंय. बोगनवेलीच्या बाजूला फरशीवर हरळीची सरळ रेघ धावतेय, म्हणजे ठिबकची नळी कुठेतरी फुटलीय. स्वयंपाकघराच्या मागच्या दारी घोळ पसरलाय, म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिथेच भिरकावलं जातंय. नळी बदलली, एसीखाली बादली ठेवली आणि ते पाणी तुळशीला घातलं, की निम्मं काम हात न लावता होतं. इथे पाण्याचा हिशेब जुना आहे. डोंगरातून भूमिगत वाटेनं पाणी आणणाऱ्या फलजांचे वाटे पिढ्यान्‌पिढ्या वेळेवर मोजले गेले. अर्ध्या तासाच्या वाट्याला अथर म्हणतात. दिवसा सावलीची काठी पाहून आणि रात्री तारे पाहून पाळी बदलायची. त्यांतले पाच फलज 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. ज्या मुलखात अर्ध्या तासाच्या पाण्यावर खजुराची बाग उभी राहते, तिथे फुटक्या नळीवर हरळी पोसली जाणं मला खरोखर खुपतं.

आपली सवय वेगळी. सकाळी सडा घातल्याशिवाय दार उघडल्यासारखं वाटत नाही, आणि परदेशात शेण नाही म्हणून पाईप लावून अंगण धुवायचं. मायदेशी सड्याला अर्थ होता, कारण त्याच्या आधी चोपण होतं. पावसाळा सरला की खळ्यावरचं गवत तासून काढायचं, नवी माती टाकायची, पाणी मारून चोपण्यानं ठोकठोक ठोकायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. त्या घट्ट जमिनीत बी रुजायला फटच उरत नसे. इंटरलॉकचं तसं नाही. ठोकळ्यांखाली वाळू, ठोकळ्यांमध्येही वाळू. पुष्कळांना वाटतं की तण खालून येतं, म्हणून ते ठोकळ्यांखाली प्लास्टिक अंथरून घेतात. पण या फटींतलं बहुतेक बी वरूनच आलेलं असतं. वाऱ्याबरोबर बारीक धूळ येते, फटीत बसते, धुतलेल्या पाण्यानं ओली राहते. बोटभर रुंदीचं शेतच तयार होतं. त्यामुळे माझा कौल कोरड्या खराट्याला. धूळ साचू द्यायची नाही, फटीतली वाळू उडून गेली की धुतलेली जाडी वाळू पुन्हा झाडून भरायची, आणि पाईप झाडांपुरता ठेवायचा.

उगवलेलं काढायचं कसं, हे मात्र प्रत्येकाचं निराळं. सराटा जमिनीला चिकटून चारी दिशांना पसरतो, बारीक पिवळी फुलं, खाली दाभणासारखे काटे. वेणी घालण्याआधी केस गोळा करावेत तशा त्याच्या फांद्या एका मुठीत धराव्यात, म्हणजे मधलं एकुलतं मूळ सापडतं आणि अख्खा वेल एका हिसक्यात येतो. हे करायचं काटे वाळण्याआधी, नाहीतर मुलांच्या सायकली पंक्चर. हरळी ओढली की पेऱ्यापाशी तुटते आणि राहिलेलं पेर पुन्हा फुटतं. तिला ठोकळा उचलूनच हात घालावा. लव्हाळा सगळ्यांत चिवट. वरची पात उपटली की खालच्या गाठीला कोंब येतो, त्या गाठीला दुसरी जोडलेली, तिला तिसरी. या गाठी म्हणजे आपल्या उटण्यातला सुगंधी नागरमोथा. पण त्यांना कोरड सोसत नाही. खणून तापल्या फरशीवर पसरल्या की जूनचं ऊन त्यांचा निकाल लावतं.

आणखी एक तण आपल्याकडे फारसं दिसणार नाही. इथे अंगणात बसून कहवा घेताना खजूर होतोच, आणि बिया फटीत जातात. काही महिन्यांनी एकच घडीचं, ताठ, पात्यासारखं पान वर येतं. गवत समजून ओढावं तर हलत नाही. खजुराचं बी आधी आपला कोंब मातीत खोल ढकलतं, मूळ धरतं आणि मगच पान वर पाठवतं. कोरड्या मुलखातलं ते शहाणपण आहे. ते पान दिसल्या दिवशीच खाली खणून काढावं लागतं, तरी काढताना माझा हात घुटमळतो. इब्राच्या ज्या शर्किया प्रांतातून उकडून वाळवलेला मब्सली खजूर जहाजानं हिंदुस्थानात येत आला आणि आपल्या डिंकाच्या लाडवात खारीक होऊन पडला, तिथलंच ते रोप.

मीठ ओतण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. आपल्याकडे एका पावसाळ्यात मीठ धुऊन जाईल. इथे शंभर मिलिमीटर पावसात ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं आणि शेजारच्या लिंबाला मारतं. व्हिनेगरनं पात जळते, मूळ शाबूत. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारणारेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये ते बहुधा कर्करोगकारक या गटात घातलं. त्यावर वाद पुष्कळ आहेत, पण रांगतं मूल ज्या फरशीवर हात टेकतं तिथे वादाचा निकाल लागेपर्यंत फवारायची गरज नाही. भाताच्या पेजेचं उकळतं पाणी कोवळ्या रोपावर ओतलं की काम होतं.

'तण खाई धन' ही म्हण शेतात सोळा आणे खरी. अंगणात मी तिला थोडी सवलत देते. एसीखालच्या बादलीशेजारी एक कुंडी फक्त हरळीसाठी आहे. भाद्रपदात इब्रात पारा चाळिशी सोडत नाही, तरी गणपतीसमोरच्या एकवीस दूर्वा त्या कुंडीतून निघतात. घोळ तर मी टाकतच नाही. उपटून उन्हात फेकला तरी तो मरायला तयार नसतो. मांसल देठातल्या ओलाव्यावर बी पिकवतो, आणि एक झाड लाखांनी बी टाकतं. त्याची खरी जागा कढईत. शेजारची ओमानी आजी तो कच्चाच कांदालिंबात कालवते. आमच्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, नांगर न लागलेल्या जमिनीतलंच हवं. त्या दिवशी मागच्या दाराच्या फटींतला घोळ आणि माठाची चार कोवळी रोपं अंगणातून थेट ऋषीच्या भाजीत जातात. सुरण आणि अळू तेवढं बाजारातून आणते.