दुखणार नाही, असं आम्ही म्हणालो



गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी डेंग्यू आला. सात वर्षांचा धाकटा तापाने फणफणला आणि इथे इंदूरमध्येच एका दवाखान्यात त्याला पाच दिवस ठेवावं लागलं. डेंग्यूवर नेमकं औषध नाही; पोटात पाणी जात राहिलं पाहिजे आणि सतत लक्ष ठेवलं पाहिजे. प्लेटलेट किती उतरल्या, रक्त घट्ट होतंय का, हे पाहायला रोज रक्त काढत. म्हणजे रोज एक सुई.

पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी तेच केलं जे बहुतेक आईबाप करतात. "काही दुखत नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटतं," असं सांगितलं. त्याने हात मागे घेतला तेव्हा त्याला पलंगावर आडवं केलं. एकाने पाय धरले, एकीने खांदे, वॉर्डबॉयने दंड. पहिल्यांदा शीर सापडली नाही, दुसऱ्यांदा टोचावं लागलं. तो किंचाळत होता आणि आम्ही म्हणत होतो, "शहाणा मुलगा रडतो का? येशू बघतोय ना!"

संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही खोटं बोललात. मम्मीपण."

रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आम्हीच घेतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच महिन्यात वर्गात आठवी आज्ञा शिकवून झाली होती. धाकटा पहिल्याच रांगेत बसला होता. त्याला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आणि "येशू बघतोय" हे आमचंच वाक्य रात्रभर मनात सलत राहिलं. घाबरलेल्या मुलाने ज्याच्याकडे धाव घ्यावी, त्यालाच आम्ही छडी घेऊन उभा केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईचा ट्रे दिसताच पोर पलंगाखाली शिरलं. रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक वयस्क नर्स ते पाहून थांबली. ती खाली फरशीवर बसली आणि त्याला सरळ सांगितलं की टोचेल, थोडा वेळ दुखेल, मग थांबेल. रडू आलं तर रडायचं, फक्त हात हलवायचा नाही. तो आपण सगळे मिळून धरू. मग विचारलं, कुठला हात देतोस? आईच्या मांडीवर बसतोस की पप्पांच्या? बघायचं आहे की तोंड फिरवायचं आहे?

तो बाहेर आला. आईच्या मांडीवर आडवा बसला, एक हात तिच्या पाठीमागे, दुसरा उशीवर. तिने त्याला मिठीत घेतलं होतं, दाबून धरलं नव्हतं. आधी पाणी पाजलं होतं आणि हातावर कोमट ओला रुमाल ठेवला होता. त्याने शीर वर येते. दिवसाच्या सगळ्या तपासण्या एकाच टोचण्यात घ्या, असंही नर्सनेच लॅबवाल्याला सांगितलं. तो रडला, पण मांडीवरून उठला नाही.

त्या रात्री आम्ही त्याची माफी मागितली. "आम्ही घाबरलो होतो, म्हणून खोटं बोललो." तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "तुम्हीपण घाबरता?"

तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून लिडोकेन-प्रिलोकेनची सुन्न करणारी क्रीम तासभर आधी लावून झाकून ठेवू लागलो. दवाखान्याबाहेरून भिरभिरं आणलं; सुई आत जाताना तो त्यावर फुंकर मारायचा. फुंकर लांब गेली की अंग सैल पडतं. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं, "डावा हात. आज मी बघणार."

घरी आल्यावर या विषयाचं थोडं वाचन केलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीकरणातील वेदना कमी करण्याविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत पालकांनी जवळ असावं, लहान मुलाला आडवं न पाडता कवेत धरावं, तान्ह्या बाळाला अंगावर पाजावं, अशाच साध्या गोष्टी आहेत. आणखी एक कळलं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या शस्त्रक्रिया एके काळी नाममात्र भुलीवर होत, कारण त्यांना वेदना नीट कळत नाहीत अशी समजूत होती. डॉ. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दाखवून दिलं की पुरेसं वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि गुंतागुंतही कमी होते. हे डॉ. आनंद आपल्या इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल वैद्यकीय महाविद्यालयातच शिकलेले.

आमच्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी मात्र विचारलं, "एवढे लाड कशाला? दुःख येशूला अर्पण करायला शिकवा." आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. स्वतःचं दुःख अर्पण करता येतं. दुसऱ्याचं दुःख कमी करता येत असताना ते तसंच राहू देणं, याला अर्पण म्हणत नाहीत. चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला सहनशीलतेचा उपदेश केला नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला आणि पट्ट्या बांधल्या.

आणि गेथशेमाने बागेतला आपला प्रभू आठवा. आपण किती व्याकूळ झालो आहोत, हे त्याने मित्रांपासून लपवलं नाही. हा प्याला टळावा, अशी प्रार्थनाही केली. मित्रांकडे त्याने एवढंच मागितलं की इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपी गेले. दवाखान्यातल्या पलंगावरचं मूल आपल्याकडे तेच मागत असतं. खोटा दिलासा देणं म्हणजे एका अर्थी झोपी जाणंच. मूल जिथे आहे, तिथे आपण नसतो.

आता वर्गात एखादं मूल सुईला भीत असेल तर आम्ही म्हणतो, "हो, दुखेल थोडं. येशूलाही भीती वाटली होती. तो तुझ्याजवळ बसलेला आहे, आणि आम्हीसुद्धा."

हे प्रभू, मुलांना कवेत घेऊन आशीर्वाद देणाऱ्या येशू, आमच्या जिभेला खरेपणा दे आणि आमच्या हातांना माया. आजारी लेकरांच्या उशाशी आम्हाला जागं ठेव. आमेन.