पावती

परवा रात्री मावसभावाच्या मुलाचा फोन आला. पुढच्या महिन्यात तो अमेरिकेहून घरी येतोय. स्वतःचा लॅपटॉप आहेच, शिवाय भावासाठी एक नवीन घ्यायचाय. "काका, कस्टमवाले अडवतील का हो? तुम्ही आत्यासाठी आणला होता तेव्हा तर काहीच झालं नव्हतं म्हणे."

काहीच झालं नव्हतं हे खरं आहे. पण जे झालं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आज लिहून टाकतो.

२००९ ची गोष्ट. दोन वर्षं अमेरिकेत काढून मी परत येत होतो. धाकटी बहीण सोलापूरला इंजिनिअरिंगला होती, प्रोग्रॅम करायला कॉलेजच्या लॅबवर अवलंबून. तिच्यासाठी सातशे डॉलरचा लॅपटॉप घेतला, तेव्हाचे साधारण चौतीस हजार रुपये. माझा जुना होताच, म्हणजे सामानात दोन झाले. तिकडच्या मित्रांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. खोकं फेकून दे, कव्हरवर दोन ओरखडे मार, डेस्कटॉपवर स्वतःचे फोटो टाक, बिल तर बरोबर ठेवूच नकोस! ओरखडे मारायला जीव होईना, बाकी सगळं केलं.

विमानात उतरण्याआधी कार्ड भरायला दिलं. त्यात कर लागू होणाऱ्या सामानाची किंमत लिहायची जागा होती. मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली. उतरल्यावर हिरव्या पट्टीतून चालत निघालो. पाठीवर एक लॅपटॉप, हातातल्या पिशवीत दुसरा, आणि शर्ट पाठीला चिकटलेला. टेबलामागच्या अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर आपण फार हुशार आहोत असं वाटलं, अगदी सोलापूरपर्यंत वाटत होतं. :-)

नळदुर्गला पोचलो. बहिणीने लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. अण्णांनी चष्मा पुसला, मशीन उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कर किती लागला? पावती कुठाय?"

हे समजायला आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. आपल्याला कस्टम म्हटलं की विमानतळ आठवतो. आमच्या आजोबांच्या काळी कस्टम सोलापूरच्या वाटेवरच होतं. सोलापूर इंग्रजांचं आणि नळदुर्ग निजामाचं. मध्ये जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, पण हद्द ओलांडली की करोडगिरीचा नाका. निजामाच्या जकात खात्याचं नावच करोडगिरी. बाहेरून येणाऱ्या मालावर साधारण शेकडा पाच असा कर असे. लोक नवं लुगडं नेसून त्यावर जुनं नेसत, भांडी मुद्दाम काळी करून आणत. म्हणजे माझ्या मित्रांचे सल्ले काही नवीन नव्हते!

आजोबांनी सोलापुरातून आजीसाठी शिलाई मशीन आणलं ते करोडगिरी भरून. बरोबरच्या लोकांनी वेड्यात काढलं. त्याची उर्दूतली पावती अण्णांनी ट्रंकेत जपून ठेवली होती. १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गेच हैदराबादकडे गेल्या. संस्थान गेलं आणि पुढे ते नाकेही गेले. पावती मात्र राहिली. अण्णा शाळामास्तर. ते म्हणत, "राज्य आपलं नव्हतं, तरी बापाने खोटं सांगितलं नाही."

तर त्या अण्णांनी मला पावती विचारली. मी म्हणालो, "अण्णा, लॅपटॉपला कर लागत नाही."

आता गंमत बघा. हे वाक्य खोटं नव्हतं. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त, ही सवलत जानेवारी २००४ पासून आहे. मी फक्त 'एक' हा शब्द गाळला. अण्णा खूश झाले. "बघा, आता राज्य आपलं आहे," असं आईला म्हणाले. मी चहाचा कप घेऊन अंगणात गेलो.

खरी चपराक पुढे बसली. काही वर्षांनी एका सहकाऱ्यासाठी नियम नीट वाचले. २००९ मध्ये एका लॅपटॉपशिवाय पंचवीस हजारांपर्यंतच्या इतर वस्तू करमुक्त होत्या. (ही मर्यादा २०१२ मध्ये पस्तीस, २०१४ मध्ये पंचेचाळीस आणि २०१६ मध्ये पन्नास हजार झाली.) कर लागायचा तो वरच्या रकमेवर, उपकर धरून ३६.०५ टक्के. म्हणजे नवा लॅपटॉप सवलतीत गेला असता. जुना फार तर पंधरा हजारांचा, तो मर्यादेत बसला असता. वर चॉकलेटं आणि एक कॅमेरा. खरं सांगितलं असतं तर बहुधा एक पैसाही लागला नसता! नियम वाचायचा कंटाळा केला म्हणून मी भ्यालो, भ्यालो म्हणून खोटी सही केली, आणि मग अण्णांशीही अर्धवट बोललो.

अण्णांना हे सांगायचं राहून गेलं. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते रागावले नसते बहुतेक, पण ट्रंक उघडून ती पावती नक्की पुढ्यात ठेवली असती.

पुतण्याला सांगितलं, बाबा रे, दोन्हींची बिलं जवळ ठेव. निघण्याआधी त्या दिवसाचा नियम वाच, तो बदलत असतो. मर्यादेच्या वर जात असेल तर सरळ लाल पट्टीत जा आणि सांग. इथून महागडी वस्तू नेताना कस्टमकडून निर्यात दाखला घेतलास तर परत आणताना वाद होत नाही.

"आणि काका, कर लागलाच तर?"

म्हटलं, भर. आणि पावती मला आणून दे.

असो. शिलाई मशीन अजून नळदुर्गच्या घरात आहे. बहिणीचा लॅपटॉप कधीच भंगारात गेला.