वर्दीतला मास्तर

निकोलाय रिम्स्की-कोर्साकॉव्ह. नाव वाचूनच पान उलटावंसं वाटलं ना? जरा थांबा. माणूस एकोणिसाव्या शतकातला रशियन संगीतकार असला, तरी त्याची गोष्ट आपल्या होस्टेलवर आणि स्टाफरूममध्ये सहज शोभेल अशी आहे.

भुंग्याच्या गुणगुणण्यासारखी ती सुसाट धून, 'फ्लाइट ऑफ द बम्बलबी', गॅदरिंगला कुणीतरी गिटारवर वाजवायचा प्रयत्न करतोच. ती याचीच, १९०० सालच्या एका ऑपेरातली. मी मात्र त्याच्यापर्यंत पोचलो ते 'शेहेराझाद' या त्याच्या १८८८ च्या रचनेमुळे. रात्री ड्रॉइंगच्या शीट्स काढताना सोबत म्हणून हेडफोनवर लावली, आणि पेन्सिल हातातच राहिली. अख्खा समुद्र वाद्यांमधून उभा केलाय पठ्ठ्याने! हा शिकला तरी कुठे, म्हणून शोधायला लागलो. उत्तर निघालं : संगीताच्या कॉलेजात एक दिवससुद्धा नाही!

जन्म १८४४ चा, तिख्विन नावाच्या गावातला. थोरला भाऊ नौदलात, तेव्हा हाही बाराव्या वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या नौदल विद्यालयात दाखल झाला. पियानोची शिकवणी फावल्या वेळात. १८६१ मध्ये बालाकिरेव्ह नावाचा संगीतकार भेटला आणि त्याच्या कंपूत हा सामील झाला. कंपू बघा कसा : क्युई लष्करी इंजिनिअर, बोरोदिन केमिस्ट्रीवाला, मुसोर्ग्स्की सरकारी कारकून आणि हा नेव्हीवाला. सगळे आपापली ड्यूटी सांभाळून संगीत रचणारे! १८६२ ते १८६५ हा 'अल्माझ' जहाजावर जगभर फिरला, पहिल्या सिंफनीचा काही भाग त्याच काळात लिहिला. १८६५ च्या डिसेंबरमध्ये ती वाजली, तेव्हा टाळ्या घ्यायला नौदलाच्या गणवेशातला पोरगेला अधिकारी पुढे आलेला पाहून लोक चकित झाले.

खरी गंमत पुढेच आहे. १८७१ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, याला सेंट पीटर्सबर्ग कॉन्झर्व्हेटरीने थेट प्रोफेसर म्हणून बोलावलं. विषय, रचना आणि वाद्यवृंदलेखन. आणि साहेबांना काय येत होतं? पुढे आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की साध्या स्वररचनेला शास्त्रशुद्ध हार्मनी देणं जमत नव्हतं आणि काउंटरपॉइंटचा एकही अभ्यास केलेला नव्हता. म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम माहीत नसताना थर्मोडायनॅमिक्स शिकवायला उभं राहायचं!

त्याच सुमारास ते आणि मुसोर्ग्स्की रूम-पार्टनर होते. खोली एक, पियानो एक. सकाळी दुपारपर्यंत पियानो मुसोर्ग्स्कीचा, मग तो ऑफिसला गेला की यांचा. मेसचे वाद नाहीत, लाइट बंद करण्यावरून भांडण नाही. आणि त्या टाइमटेबलात दोघांचे दोन ऑपेरे पुढे सरकले. आपल्या होस्टेलला ही खोली दाखवायला हवी!

पण वर्गाचं काय? त्यांनी अभ्यास सुरू केला. आधीच नाव झालेल्या माणसाने जवळजवळ तीन वर्षं नवी रचना बाजूला ठेवून हार्मनीचे धडे पहिल्यापासून गिरवले. शिकवायला उभे राहायचे नौदलाच्या गणवेशात, कारण नोकरी अजून चालू होती. आणि घरी आले की विद्यार्थी. १८७३ मध्ये नौदलाच्या बँडपथकांचे निरीक्षक झाले, तेव्हा ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, बासरी ही वाद्यं हातात घेऊन स्वतः वाजवून पाहिली. १८७५ मध्ये फ्यूग नावाच्या अवघड प्रकारातले दहा नमुने त्यांनी चायकोव्हस्कीकडे तपासायला पाठवले. चूक एकही निघाली नाही. जुने मित्र मात्र नाराज. त्यांना वाटलं, गडी पुस्तकी झाला.

'पुस्तकी' झालेल्या याच माणसाने पुढे त्या मित्रांचं अर्धवट काम पूर्ण केलं. मुसोर्ग्स्की १८८१ मध्ये गेला, बोरोदिन १८८७ मध्ये. एकाचा 'खोवान्श्चिना' आणि दुसऱ्याचा 'प्रिन्स इगोर' हे ऑपेरे रंगमंचावर आले ते यांच्या मेहनतीमुळे ('इगोर'ला ग्लाझुनोव्ह या विद्यार्थ्याची साथ होती). त्यांनी मित्रांच्या संगीतात जरा जास्तच दुरुस्त्या केल्या, अशी टीका झाली आणि ती अगदीच खोटी नाही. पण कागद ट्रंकेत कुजू दिले नाहीत, हे महत्त्वाचं.

आणि मग १९०५. जानेवारीत पीटर्सबर्गमध्ये सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या. विद्यार्थी पेटले, संप झाला, कॉन्झर्व्हेटरी बंद पडली. सर तेव्हा साठीचे, मानाचे, निवांत पेन्शन घेण्याच्या वयाचे. त्यांनी विद्यार्थ्यांची बाजू जाहीरपणे घेतली. मार्चमध्ये त्यांना काढून टाकलं! ग्लाझुनोव्ह आणि ल्यादोव्ह या त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी, जे आता प्राध्यापक होते, निषेध म्हणून राजीनामे दिले. तीनशेहून अधिक विद्यार्थी कॉन्झर्व्हेटरी सोडून गेले. सरांच्या संगीतावर काही काळ बंदी आली. वर्षअखेर ग्लाझुनोव्ह संचालक झाला आणि सर परतले. त्याच काळात स्ट्राव्हिन्स्की त्यांच्याकडे खासगी शिकत होता आणि पोरवयाचा प्रोकोफिएव्ह त्यांच्या वर्गात बसत होता. १९०८ मध्ये सर गेले. १९४४ पासून त्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

हे सगळं मी का सांगतोय? फायनल इयरला प्रत्येकजण विचारतो, "प्लेसमेंटचं काय?" मी म्हणतो, मला शिकवायचंय. समोरच्याचा चेहरा पडतो. "कुठेच नाही लागलं तर आहेच की लेक्चररशिप!" घरीसुद्धा हाच सूर. बाबा काही बोलत नाहीत, नुसता पेपर उघडतात.

रागही येतो आणि भीतीही वाटते. भीती याची, की समोर साठ पोरं बसलेली असताना एखाद्याने असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर मला येत नाही, तर? या वर्दीतल्या मास्तरांनी निदान एवढं तरी सांगितलंय की तर त्या रात्री पुस्तक घेऊन बसायचं. आणि पोरं अडचणीत आली तर स्टाफरूमचं दार लावून घ्यायचं नाही. एवढं ज्याला जमतं, त्याने 'कुठेच नाही लागलं म्हणून' हा पेशा धरलेला नसतो.

एम.टेक.साठी गेटचा फॉर्म मी भरलाय. बाबांना अजून सांगायचंय.