आधी खडा, मग घाट

जामनेरच्या गिऱ्हाइकाला सोनं शिकवावं लागत नाही. भाव त्याला पाठ असतो, 916 चा शिक्का तो स्वतः शोधतो आणि घडणावळीवर घासाघीसही बरोबर करतो. जळगाव जिल्ह्याला सोन्याची ही जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. रंगीत खडा पुढे ठेवला की मात्र तेच गिऱ्हाईक गप्प होतं. खड्याला रोजचा भाव नाही, शिक्का नाही. एकाच वजनाच्या दोन माणकांच्या किमतीत कैक पटींचं अंतर असू शकतं. म्हणून मागणीप्रमाणे पेंडंट घडवताना माझं काम खड्यापासून सुरू होतं.

बहुतेक जण मोबाइलमधलं चित्र दाखवतात. “भाऊ, अस्सं करून द्या, फक्त मधे हिरवा खडा टाका.” मी म्हणतो, “ताई, चित्र बाजूला ठेवू, आधी खडे बघू.” घाट आधी ठरला की त्या मापात बसणारा खडा शोधत बसावं लागतं, आणि तिथे रंगाशी तडजोड होते. चांगला नैसर्गिक खडा आपल्या मापाने जन्मत नाही. रंग कुठे गोळा झालाय, चीर कुठून गेलीय, हे बघून कारागिराने त्याला पैलू पाडलेले असतात. सोनं हवं तसं वळतं, खडा वळत नाही. जे वळत नाही, त्याच्यापासून सुरुवात करावी.

खडा दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नये. पिवळसर दिव्यात माणिक पेटतं आणि नीलम काळवंडतो. थंड पांढऱ्या दिव्यात नीलम खुलतो, माणिक मलूल पडतं. आपल्याकडचं वैशाखातलं थेट ऊन तर भल्याभल्या रंगांना धुऊन काढतं. म्हणून मी दाराशी, सावलीतल्या उजेडात खडा दाखवतो. मग तो गळ्यापाशी धरून आरशात बघायला सांगतो. पांढऱ्या कागदावर गोड दिसणारा फिका पुष्कराज गव्हाळ कातडीवर हरवतो. मधाच्या रंगाचा गोमेद तिथेच उजळतो.

खड्यातून खाली धरलेलं बोट मधोमध स्पष्ट दिसलं, तर तो उथळ कापलेला आहे असं समजावं. आत गेलेला उजेड परत डोळ्यांकडे येत नाही, आरपार निघून जातो. खडा रुंद दिसतो, पण त्याच्या पोटात रंग नसतो. वजनावरही भुलू नये. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, पण नीलम पाचूपेक्षा घन, त्यामुळे सारख्या वजनाचा पाचू मोठा दिसतो. पेंडंटसाठी मी कॅरेटआधी मिलिमीटर मोजतो.

कठीणपणाच्या बाबतीत पेंडंट अंगठीपेक्षा नशीबवान. अंगठी दिवसभर भांड्यांवर, दारांवर आपटते. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोहस मापावर त्यांचा कठीणपणा 7. त्याहून मऊ खडा नुसत्या पुसण्यानेही हळूहळू मंद होतो. माणिक आणि नीलम 9 वर, ओपल 6 च्या आसपास, पोवळं 3 ते 4. अंगठीत ज्यांची धास्ती वाटते, ते मऊ खडे गळ्यात निभावतात. फक्त काठाला सोन्याचं सलग कोंदण द्यावं. पाचू कठीण असूनही ठिसूळ, म्हणून त्याचे कोपरे झाकायचे. जळगाव परिसरातल्या बेसॉल्टच्या खाणींत अपोफिलाइटचे देखणे स्फटिक निघतात, जगभरचे संग्राहक ते जपून ठेवतात. मला त्यांचा अभिमान आहे; पण ते 5 पेक्षाही थोडे मऊ आणि थराथराने सुटणारे. ते कपाटात शोभतात, साखळीत अडकवू नयेत.

रंगांच्या जुळणीसाठी मी अजिंठ्याला गुरू मानतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या गळ्यात मोत्यांचा हार आहे, आणि त्या पांढऱ्या ओळीत निळ्या रत्नाने जागा धरलीय. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराला ठाऊक होतं, की एका रंगाने पुढे यावं आणि बाकीच्यांनी त्याला वाट द्यावी. नवरत्नांच्या पदकातही नऊ रंग नांदतात, ते माणिकाला मधे मान दिल्यामुळे.

राहिला खरेखोटेपणा. माणिक-नीलम तापवून रंग सुधारण्याची पद्धत सर्वमान्य आहे. चिरांत काच भरलेलं माणिक मात्र वेगळं. पुढे डाग देताना उष्णतेने किंवा आम्लाने ते बिघडतं. पाचूच्या चिरांत तेल मुरवलेलं असतं, म्हणून तो अल्ट्रासॉनिक यंत्रात धुऊ नये. कृत्रिम माणिकाची कृती तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉय यांनी 1902 मध्येच जाहीर केली. असा खडा हौसेने घेण्यात काही वावगं नाही. विकणाऱ्याने ते न सांगणं, ही फसवणूक.

तेव्हा पेंडंट करायला निघालात, तर घाट ठरवण्याआधी खडा दिवसाउजेडी गळ्यापाशी धरून बघा. मोठ्या खड्याचं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, त्यात खड्यावर काय प्रक्रिया झाली ते वाचा. आणि पावतीवर सोन्याचं नि खड्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. सोन्याच्या भावाने दगड विकत घेऊ नका.