दात मोजून घेतलेली गाडी

बायकांनी गाडीत बसावं, गाडी निवडायला जाऊ नये, असं आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची वेळच आली नव्हती! स्कूटर आली ती ह्यांच्या पसंतीची, मोटारसायकल आली ती दिरांच्या पसंतीची. फ्रिज घेताना मात्र रंग कोणता हवा हे मला अगदी आवर्जून विचारलं होतं. त्यामुळे 2024 च्या दिवाळीनंतर जुनी चारचाकी घ्यायचं ठरलं आणि "मीही येते बघायला," असं मी म्हणाले, तेव्हा हे नुसते "बरं" म्हणाले. पण त्या "बरं"चा अर्थ दहा वर्षांच्या संसारानंतर कळतोच की, मैत्रिणींनो!

मला हक्क होता, कारण निम्मे पैसे माझे होते. शाळेत मी तासिकेवर मराठी शिकवते. त्या तासांचे पैसे काही दर महिन्याला येत नाहीत, चार-सहा महिन्यांनी एकदम येतात. आले की मी ते घरखर्चात मिसळू न देता बाजूला टाकत होते. त्यात भिशीची भर. कानातल्या वेलांसाठी म्हणून साठवलेले, पण वेल काही ट्रॉली ओढत नाहीत.

ट्रॉलीची गोष्ट आधी सांगायला हवी. आमचं घर नांदेडला, माझं माहेर लातूरला आणि मधे कंधार तालुक्यात सासऱ्यांची थोडी जमीन. तिथे मामांनी केशर आंब्याची चाळीस झाडं लावली होती. 2016 चा उन्हाळा आठवतो ना? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. पहिली गाडी 12 एप्रिलला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावली होती. माझी आई तेव्हा फोनवर भाजीचे भाव सांगायच्या ऐवजी कोणत्या गल्लीत नळाला पाणी आलं ते सांगायची. त्या उन्हाळ्यात आमची तेवीस झाडं वाळली. टँकर परवडेना, वैरण मिळेना, आणि मामांनी देवणी बैलांची जोडी विकली. त्यानंतर दावणीला बैल आला नाही. मामा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पोळ्याच्या दिवशी मात्र ते सकाळीच नांदेडला निघून यायचे, गावात थांबायचे नाहीत.

आता त्यांनी पुन्हा रोपं लावायला घेतली होती. तेवीस गेली, तेवीस लावायची. विहीर मार्चमध्ये तळ गाठते, आणि पाणी मिळतं ते तीन किलोमीटरवरच्या बोअरवर. मी वहीवर हिशोब केला. नव्या-जुन्या मिळून चाळीस झाडांना आठवड्याला निदान दहा दहा लिटर. म्हणजे चारशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपं. एवढ्यासाठी टँकर बोलवायचा नाही, आणि ट्रॅक्टर घ्यायची ऐपत नाही. मग एखादी दणकट जुनी गाडी आणि तिच्यामागे दोन चाकांची छोटी ट्रॉली, असा विचार पुढे आला. एरवी तीच गाडी मुलांना घेऊन सहस्रकुंडाचा धबधबा, माहूर, होट्टलची देवळं, खरोशाची लेणी, कंधारचा किल्ला अशी हिंडेल. मुलांनी होट्टलच्या देवळांवरचं कोरीव काम पुस्तकात पाहिलंय, प्रत्यक्ष नाही. नांदेडात राहून!

ह्यांच्या मनात उघडी जीप होती. कॉलेजात असताना मित्राची जुनी जीप चालवली होती म्हणे. तिचं नाव काढलं की चेहरा असा खुलतो की मला जरा मत्सरच वाटतो. मी म्हणाले, "आत्याबाईंचे गुडघे, उन्हाळ्यातली लू आणि आपल्या लेकीला लागणारी गाडी, तिघींचा विचार करा." जीप मागे पडली. चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यावी का, यावरही चार संध्याकाळी गेल्या. शेवटी मामाच म्हणाले, "पावसात काळ्या रानात बैल रुतत होता, तुमची गाडी काय तरंगणाराय? पावसाळ्यात सडकेवर उभी करा अन् चालत या." एवढ्या एका वाक्यानं आमचे बरेच पैसे वाचले.

पहिली गाडी आम्ही लातूरला पाहिली, एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे. पांढरीशुभ्र, चकचकीत, सीटांना नवीन कव्हरं, आत अत्तराचा वास. आणि मागे ट्रॉलीचा हूक आधीच बसवलेला! मला तर तो हूक म्हणजे साडीवर फुकट मिळालेला ब्लाऊजपीस वाटला. विक्रेते म्हणाले, "वहिनी, डॉक्टरची गाडी आहे, घरातून दवाखान्यात अन् दवाखान्यातून घरात." हे बयाणा द्यायला खिशात हात घालणार, इतक्यात मी सहज बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसला. सकाळचे नऊ वाजले होते. "ही गाडी सकाळपासून कुठे जाऊन आली का?" मी विचारलं. "नाही, इथंच उभी आहे." इथंच उभी असेल तर इडलीपात्रासारखी तापली कशी? बयाणा राहिला. दुसऱ्या दिवशी नांदेडहून आमच्या ओळखीचे मिस्त्रीचाचा सोबत आले.

चाचांनी हूक पाहिला आणि मान हलवली. "बाई, हूक लावलेली गाडी म्हंजे राबलेली गाडी. डॉक्टर दवाखान्याला ट्रॉली ओढून नेत होता काय?" मग ते खाली झोपले, बॅटरी मारली आणि ह्यांनाही खाली बोलावलं. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगजवळ, चेसिसच्या लोखंडावर वेल्डिंगचा जाड टाका होता आणि त्यावर ताजा काळा रंग. हाड मोडून जोडलेलं. पुढे त्यांनी हँडब्रेक ओढून, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडला. अशा वेळी इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं. ते आरामात फिरत राहिलं. म्हणजे क्लच घसरतोय, त्याची प्लेट झिजलेली. ओझं ओढणाऱ्या गाडीचं पहिलं काय जात असेल तर क्लच, हे मला त्या दिवशी कळलं. परत येताना हे अहमदपूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तिथे चहा घेताना म्हणाले, "तू हात कशाला ठेवला होतास?" मी म्हटलं, "सवय हो. दूध तापलंय का बघायची."

घरी हे सगळं सांगितलं तर मामांना इतका रस आला, की पुढच्या खेपेला ते स्वतः निघाले, धोतर-टोपीसकट. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांनी उभा जन्म जनावरं पारखली. अदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे त्यांना दुरून कळतं. तिथले सौदे रुमालाखाली बोटं धरून होतात, बाजूच्याला किंमत कळत नाही. त्यांना चाचांचं शास्त्र लगेच पटलं. टायरवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मामा म्हणाले, "म्हंजे हे दात!" आणि मग प्रत्येक गाडीपाशी ओणवे होऊन दात मोजू लागले. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण ब्रेकच्या पायपट्टीचं झिजलेलं रबर आणि स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा कोण लपवणार? नुसता डाय केलेला नवरदेव! (हे आपलं माझं म्हणणं, चाचांचं नव्हे.)

त्यांच्याकडून शिकलेलं आणखी थोडं सांगते. गाडी थंड असताना आपल्यासमोर सुरू करायची. धूर निळसर येत राहिला तर इंजिन तेल पितंय. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढायचं, तिथून कुकरच्या शिट्टीसारखी वाफ उसळली तर नमस्कार करून निघायचं. पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा बघायचा. 2025 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात जे पूर आले, त्यानंतर तर हे फारच गरजेचं आहे. सीटखालच्या पट्ट्यांच्या खाचेत सुकलेला गाळ दिसला, की ती गाडी पाण्यात बुडून आलेली समजा, वरून कितीही पुसलेली असो.

आणि गाडी कोणती? हलक्या मोटारींना खाली वेगळी चेसिस नसते, डबा हाच सांगाडा. त्या सडकेवर छान, पण आमच्यासारख्या कामाला शिडीसारखी चेसिस, मागच्या चाकांना जोर आणि पाट्यांच्या स्प्रिंगा हव्यात, असं चाचांचं मत. म्हणून बोलेरो. भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात, आणि आमच्या भागात ती दुरुस्त न येणारा मिस्त्री विरळा. मामा म्हणाले, "देवणी बघा. गाय दूध देती, बैल वढतो. तशी दोन कामाची पायजे." चौथी पाहिलेली गाडी अशी निघाली. 2014 ची, MH-24 म्हणजे लातूरचीच, एका निवृत्त शिक्षकाची. रंग उडालेला, एका दाराला पोचा. हूक नाही. पोचा बघून चाचा खूष झाले, म्हणाले, "ज्यानं पोचा लपिवला नाही, तो बाकीचं काय लपविल?" मालकांनी सर्व्हिसच्या पावत्या वर्षवार पंचिंग करून फाईलमध्ये ठेवलेल्या. शिक्षकच ते! पावणेचार लाखांना ठरलं. मामांनी रुमाल पुढे केला, पण गुरुजींना बोटांची भाषा येईना, मग तोंडानंच सौदा झाला.

कागदांना महिना गेला. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, लातूरहून नांदेडला आणायची म्हणून ना-हरकत, आणि गुरुजींनी कर्ज फेडलेलं असलं तरी बँकेचा बोजा नोंदणीवरून उतरला नव्हता, तो 35 नंबरनं उतरवला. बोजा उतरायच्या आत पूर्ण पैसे देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पुन्हा तपासणी करून वाढवावी लागते, पर्यावरण करही येतो. म्हणजे आमच्या गाडीला 2029 ला हा खर्च आहे, तो किमतीत धरूनच घासाघीस केली. नाव कुणाचं घालायचं, असा प्रश्न एजंटानं विचारला आणि माझ्याकडे न बघता पेन ह्यांच्यापुढे केलं. ह्यांनी ते पेन माझ्यापुढे सरकवलं. एवढंच. त्यावर आमचं नंतरही काही बोलणं झालं नाही.

ट्रॉली एका फॅब्रिकेशनवाल्याकडून केली, तिलाही नोंदणी आणि मागचे दिवे लागतात हे ऐकून मामा हबकले. "बैलगाडीला कुठं नंबर हुता?" ट्रॉली दीडशे किलोची, पाणी चारशे लिटर म्हणजे चारशे किलो. इंग्लंडात ब्रेक नसलेल्या ट्रॉलीला फार तर साडेसातशे किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी ते चालतं. आमची गाडी दीड टनाच्या वरची, तेव्हा आपण त्या रेषेच्या बरेच आत. ओझं जरा पुढच्या अंगाला ठेवायचं, साधारण दहावा हिस्सा हुकावर येईल असं. मागे जास्त झालं की ट्रॉली शेपटी हलवते. हे सांगायला गेले तर मामा हसले, "उलाळ व्हती म्हण की! गाडी भरायला मला शिकवती का?" पिंप मात्र अर्धं नेऊ नये, हे त्यांना मी शिकवलं. कमरेवरची भरली घागर गप्प बसते, अर्धी हिंदकळून पातळ भिजवते, हे पुरुषांना कुठून माहीत असणार! एक पिंप पूर्ण भरावं आणि बरोबर मध्ये बांधावं, पण दोन अर्धी नकोत.

उलटी घेणं हा मात्र निराळा अध्याय. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. मी बोअरच्या मालकाच्या कुडाला धडक दिली, त्याच्या बायकोनं हसून मला चहा दिला, आणि पुढच्या आठवड्यात हेही त्याच कुडाला धडकले. 2025 चा उन्हाळा असा काढला. दर रविवारी खेप. चाळीसपैकी सदतीस झाडं हिरवी राहिली. मधे एका शनिवारी सहस्रकुंडालाही जाऊन आलो, ट्रॉलीत सतरंजी, शेगडी आणि पिठल्याचं सामान. पैनगंगेला पाणी बेताचंच होतं, धबधब्याची नुसती धार. मुलांनी तक्रार केली नाही. आत्याबाई म्हणाल्या, पंधरा वर्षांनी नदीकाठी जेवले.

त्या साली ऑगस्टात पोळा आला. मामा नांदेडला आले नाहीत, आम्हालाच गाडीसकट बोलावून घेतलं. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. मी चुलीपाशी होते. बाहेर डोकावले तर मामा गाडीच्या मागे उकिडवे बसून, वाटीतलं तूप-हळद बोटानं घेऊन हुकाला चोळत होते, अगदी गोल गोल, हळूहळू. मी तशीच आत आले. हुकाला ग्रीसच लागतं, तुपावर माती बसते, असं चाचांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपल्यावर, मामा झोपलेले पाहून, मी फडक्यानं तूप पुसलं आणि ग्रीस लावलं. हळदीचा डाग थोडा राहिलाय, तो काही निघत नाही.